विणकामाच्या पिशवीतली वही

मार्लो फेरीच्या बेसबॉल संघातले सात खेळाडू मिसेस कॉर्डीलिया स्टॅनफिल यांच्या खाणावळीत राहायचे. त्यातले सहा जण रोज संध्याकाळी जेवायला बसले की एका माणसाच्या नावानं खडे फोडायचे. नावानं म्हणजे तरी काय, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तो होता क्लबचा गुणलेखक. लीगची रीतच तशी होती. गुणलेखक कोण हे कळलं की खेळाडू त्याला गाठणार, दारू पाजणार, नाहीतर कोपऱ्यात घेऊन दम देणार. म्हणून त्याचं नाव गुपित ठेवायचं. लीगकडे जाणाऱ्या कागदावर खाली फक्त सी. एस. एवढीच अक्षरं असायची, आणि तो कागद खेळाडूंच्या दृष्टीस कधी पडत नसे.

"आंधळा आहे तो, आंधळा," कॅचर बक मॅकनर्नी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणायचा. "माझा फटका सूं करत दोघांच्या मधून गेला. सोमवारी पेपरात बघतो तर समोरच्याची चूक म्हणून मांडलाय. माझ्या नावावर भोपळा."

"पेपरवाल्यांच्या खोलीत बसून सिगार ओढत असेल," दुसरा कुणीतरी तेल ओतायचा. "अधूनमधून मान वर करत असेल."

"मान वर करतो ती बाटली तोंडाला लावायला."

मिसेस स्टॅनफिल बटाट्याचं भांडं घेऊन मागे उभ्या असायच्या. एकदा त्यांनी विचारलंही, "पण मिस्टर मॅकनर्नी, त्या माणसाच्या हातातून चेंडू सुटला असेल तर ती चूकच नाही का?"

बक समजुतीनं हसला. "बाई, तुम्हाला नाही कळायचं ते. फटका कुठला आणि चूक कुठली, हे समजायला मैदानात उभं राहावं लागतं. तुम्ही आपले बटाटे वाढा."

बाईंनी बटाटे वाढले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे भिंतीवर एक कापडी पिशवी टांगलेली होती. पिशवीत वर एक अर्धा विणलेला राखाडी मोजा होता, आणि मोज्याखाली वही. पाच वर्षं तो मोजा अर्धाच होता.

सी. एस. म्हणजे आधी क्लेमेंट स्टॅनफिल, त्यांचे यजमान. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता त्यांची नजर गेली, तेव्हा कॉर्डीलिया शेजारी बसून त्यांना काय घडलं ते सांगू लागली. मग वहीत लिहूही लागली. ते गेल्यावर क्लबचे मालक हॉरेस टकरमन दुखवट्याला आले आणि दारात हॅट फिरवत म्हणाले की, काम तुम्हीच चालू ठेवा, अक्षरं तीच आहेत, लीगला काही कळायचं नाही. बायकांच्या बाकांवर गुणलेखक शोधायला कोण येणार होतं? तेव्हापासून दर सामन्याला त्या पहिल्या बेसच्या मागे, फुलाफुलांच्या टोप्यांच्या गर्दीत बसायच्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पेन्सिल. शेजारणींना वाटायचं, बाई टाके मोजताहेत. सगळा गाव पाच वर्षं सिगार ओढणारा माणूस शोधत होता, इतकी त्याला खात्री होती की तो पुरुषच असणार.

जेवणाच्या टेबलावर गुणलेखकाला शिव्या न देणारा सातवा एकच होता, एनॉक टिबेट. संघातला सगळ्यात म्हातारा पिचर. सदतीस वर्षांचा. एल्मच्या झाडाची साल चघळायचा, तिच्या थुंकीनं चेंडू एका बाजूनं बुळबुळीत करायचा आणि असा टाकायचा की तो बॅटपाशी येऊन मटकन खाली बसायचा. तेव्हा ते नियमात बसत होतं. सालीनं त्याचे दात तपकिरी झाले होते. बोलायचा कमी, आणि जेवण झालं की आपली ताटली स्वतः उचलून न्यायचा. खाणावळीत असं करणारा दुसरा कुणी बाईंना आजवर भेटला नव्हता.

त्या वर्षी, म्हणजे १९०९ साली, चार जुलैच्या सहलीत टकरमनसाहेबांनी बिअरचा पेला उंच धरून सगळ्या संघासमोर एनॉकला शब्द दिला होता. "म्हाताऱ्या, हंगामात दहा सामने जिंकून दे. पुढच्या वर्षीचा करार तुझा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. करार मिळाला नाही तर एनॉकला परत विटांच्या भट्टीवर जावं लागणार होतं, जिथे त्याचा भाऊ खोकून खोकून मेला होता. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण बाईंना माहीत होतं. हंगाम संपायला एक सामना उरला तेव्हा त्याचे नऊ झाले होते.

तो सामना सप्टेंबरातल्या एका शनिवारी झाला, स्टुअर्ट्स बेंडच्या संघाशी. सात डाव एनॉकनं समोरच्यांना एकही धाव काढू दिली नाही. चेंडू येऊन बसत होता आणि बॅटी हवेत फिरत होत्या. चौथ्या डावात मार्लो फेरीची एक धाव झाली, तेवढीच. आठव्या डावात पहिल्याच फलंदाजानं चेंडू सरळ एनॉकवर मारला. हातमोजा डाव्या हातात होता, चेंडू आला उजव्यावर. उघड्या बोटांवर आदळून तो पायाशी पडला. एनॉकनं मोजा झटकून टाकला, डाव्या हातानं चेंडू उचलला, पहिल्या बेसकडे फेकला आणि गडी बाद केला. मग त्यानं उजवा हात पुढे धरून पाहिला. मधलं बोट नखापासून फाटलं होतं. बाईंच्या शेजारणीनं तोंड फिरवलं. बाईंनी फिरवलं नाही, कारण त्यांना लिहायचं होतं.

आठव्यातले दोन आणि नवव्या, शेवटच्या डावातले तीन, असे उरलेले पाच गडी बाद करायला डेल हॅझलिट आला. बावीस वर्षांचा, देखणा, चेंडू गोळीसारखा टाकणारा. त्यानं पाचही जण चटाचट बाद केले. एक विरुद्ध शून्य. हॅझलिटचे त्या हंगामात आधीच एकोणीस विजय झाले होते, आणि पूर्वेकडच्या मोठ्या शहरातल्या क्लबचा पारखी प्रिचेट त्याला न्यायला येऊन हॉटेलात उतरला होता. त्या पोराबद्दल वाईट बोलायला जागा नाही. सामना संपल्यावर जिंकलेल्या पिचरनं चेंडू ठेवून घ्यायची रीत होती. हॅझलिट सरळ चालत बाकापाशी आला आणि त्यानं तो चेंडू एनॉकच्या डाव्या हातात ठेवला. सगळ्या मैदानानं ते पाहिलं.

दोन पिचर खेळले तर विजय कुणाच्या नावे घालायचा, याचा नियम तेव्हा कुठेही लिहिलेला नव्हता. ज्यानं सामना पेलला त्याला द्यायचा, आणि कुणी पेलला हे गुणलेखकानं ठरवायचं. बाईंना ठरवायला पळभरही वेळ लागला नाही. त्यांनी लिहिलं : विजयी, टिबेट. घरी जाऊन साफ प्रत केली, पाकिटात घातली आणि लगेच क्लबच्या कचेरीत देऊन आल्या.

साडेसहाला टकरमनसाहेब ते पाकीट घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकघरात हजर. पाकीट फोडलेलं होतं.

"मिसेस स्टॅनफिल, इथे एक लहानशी चूक झाली आहे."

"कुठे?"

"विजयी पिचर. हॅझलिट लिहायचं राहिलं."

बाई सफरचंदं सोलत होत्या. त्यांनी सुरी थांबवली नाही. "राहिलं नाही. टिबेटनं सामना जिंकला."

"पण शेवट कुणी केला?"

"साहेब, तुमच्या कारखान्यात लोक दिवसभर खपून स्टोव्ह तयार करतात आणि शेवटी एकजण त्याला पॉलिश करतो. स्टोव्ह कुणी केला म्हणायचा?"

साहेबांना हसू आलं नाही. "हे बघा, वीस हा आकडा कसा भरदार वाटतो. एकोणीस म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखं. प्रिचेटच्या क्लबातल्या मंडळींना वीस दिसले पाहिजेत."

"आणि एनॉकचे दहा?"

"त्याचं बोट बघितलंत ना? तो काय आता पुढच्या वर्षी खेळतोय." साहेबांनी आवाज मऊ केला. "मनाला लावून घेऊ नका. बायकांचं मन हळवं असतं, घरात राहणाऱ्या माणसाची कीव येणारच."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कीव! पाच वर्षं ज्या बाईनं स्वतःच्या घरात जेवणाऱ्या माणसांच्या चुका चुका म्हणूनच लिहिल्या, त्याच माणसांच्या शिव्या खाऊन त्यांना वर बटाटे वाढले, तिला हा गृहस्थ कीव शिकवत होता.

"मी बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या जाताना."

साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांना बाईंची गरजच नव्हती. कचेरीतल्या कारकुनाकडून त्यांनी दुसरा कागद लिहवून घेतला, खाली सी. एस. करायला लावलं आणि तो लीगकडे रवाना केला. सोमवारच्या पेपरात ठळक अक्षरांत आलं : हॅझलिटचा विसावा विजय. एनॉकचं नाव खाली एका ओळीत होतं, 'टिबेटनंतर गोलंदाजीला येऊन' एवढ्यापुरतं.

सोमवारी संध्याकाळी टेबलावर रणकंदन. गुणलेखकाचे वाडवडील, त्याची आई, त्याचे डोळे, काही बाकी राहिलं नाही.

"विकला गेला तो," बक म्हणाला. "नक्कीच विकला गेला. सापडू दे मला, त्याची पेन्सिल त्यालाच खायला घालतो."

बाई हातात मक्याच्या पावाची परात घेऊन दारात थिजल्या. पाच वर्षांत त्यांना आंधळा म्हटलं होतं, बेवडा म्हटलं होतं. विकाऊ कधी नाही.

"गप रे," एनॉक म्हणाला. तो क्वचितच बोलायचा म्हणून सगळे गप्प झाले. त्याच्या उजव्या हाताला हे एवढं मोठं बांधलेलं होतं आणि मिठाच्या भांड्याजवळ शनिवारचा चेंडू ठेवलेला होता. "मी त्या माणसाला ओळखत नाही. पण पाच वर्षं पेपरात त्याचं लिहिलेलं वाचतोय. एकोणीसशे सहा साली स्टुअर्ट्स बेंडविरुद्ध माझ्या नावावर एक चूक लावली होती त्यानं. महिनाभर मी धुमसत होतो. पण त्यानं कधी कुणाला धार्जिणं लिहिलं नाही. मालकाच्या पुतण्यालासुद्धा सोडलं नव्हतं."

"मग आता?"

"आता त्यानं पोराचं नाव लिहिलं असेल तर त्याला काहीतरी दिसलं असेल. मला आपलं वाटत होतं की मी चांगला टाकतोय. टाकणाऱ्याला वाटतंच." त्यानं डाव्या हातानं चेंडू उचलला, जरा वेळ धरला. "त्या पोरानं भिडेपोटी दिला मला. उद्या सकाळी परत नेऊन देतो."

परात बाईंनी आदळलीच टेबलावर. शिव्या त्यांनी पचवल्या होत्या, पण हा विश्वास त्यांना पचेना. त्यांच्या अक्षरांवर भरवसा ठेवून हा माणूस स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेलं खोटं मानायला निघाला होता. चोरानं घर लुटावं आणि वर घरमालकाच्याच तोंडून 'माझं नव्हतंच' असं वदवून घ्यावं, तशातली गत.

त्या आत गेल्या, भिंतीवरची पिशवी घेऊन आल्या, मोजा बाजूला टाकला आणि वही एनॉकच्या ताटलीपुढे उघडून ठेवली.

"वाचा, मिस्टर टिबेट."

त्यानं वाचलं. सात डावांची सात शून्यं, आठव्यातला तो पहिला गडी, शेजारी बारीक अक्षरात 'उजव्या हाताला चेंडू लागला, डाव्यानं फेकून बाद', आणि तळाशी : विजयी, टिबेट. आठवड्याच्या धुण्याच्या चिठ्ठ्या ज्या अक्षरात असत, तेच अक्षर. त्यानं मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा वहीकडे.

"मी विकली गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "कागद टकरमननी बदलला. तो चेंडू तुमचा आहे. खबरदार परत दिलात तर."

बकनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे... पाच वर्षं माझे फटके... बाई, तुम्ही?"

"तुमचा तो दोघांच्या मधला फटका समोरच्याच्या हातमोज्यात पुरता येऊन मग पडला होता, मिस्टर मॅकनर्नी. ती चूकच होती. बटाटे घ्या."

मंगळवारी सकाळी नऊला बाई टोपी घालून, पिशवी घेऊन कचेरीत पोचल्या. एनॉक बरोबर आला खरा, पण आत यायला तयार झाला नाही. घोड्यांच्या पाण्याच्या हौदापाशी उभा राहिला. आत टकरमनसाहेब आणि प्रिचेट समोरासमोर बसले होते, मध्ये हॅझलिटचे कागद.

"मिसेस स्टॅनफिल, आम्ही कामात आहोत," साहेब म्हणाले.

"मीही कामानंच आले आहे. शनिवारच्या सामन्याचा तुम्ही पाठवलेला कागद खोटा आहे. खरा या वहीत आहे."

प्रिचेटनं भुवया उंचावल्या. "या कोण?"

"यांची खाणावळ आहे," साहेब घाईघाईनं म्हणाले. "सामने बघायचा नाद आहे जरा."

"मी या क्लबची गुणलेखक आहे," बाई म्हणाल्या. "पाच वर्षं."

साहेब उठून दारापाशी आले आणि दबक्या आवाजात बोलू लागले, पण खोली लहान होती. "बाई, अक्कल आहे का तुम्हाला? हे बाहेर गेलं तर हसं होईल सगळ्यांचं. बाईमाणसानं लिहिलेलं लीग मानेल? एकजात सगळी पानं रद्दीत जातील."

"जाऊ देत," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "पण मग हॅझलिटचे एकोणीसही जाऊ देत. त्यातला एकही तुमच्या कारकुनानं लिहिलेला नाही. सगळे मी लिहिलेत, याच पेन्सिलीनं, बायकांच्या बाकावर बसून. माझा शब्द चालत असेल तर टिबेटचे दहा आहेत. चालत नसेल तर या पोरानं आजवर एकही सामना जिंकलेला नाही. काय ते एक ठरवा आणि यांना सांगा."

प्रिचेटनं हात पुढे करून वही घेतली, शनिवारचं पान काढलं आणि सावकाश वाचलं.

"मी होतो मैदानात," तो म्हणाला. "मीसुद्धा विजय म्हाताऱ्याचाच धरला होता. आणि टकरमन, पोरगा मी एकोणिसावरच घेणार होतो. जुलैतच ठरवलं होतं. विसाची हौस तुमची."

म्हणजे कशासाठीच नाही! बाईंना या गोष्टीचा जेवढा संताप आला तेवढा खोट्या कागदाचाही आला नव्हता. एका माणसाचं सगळं वर्ष पुसून टाकलं, त्याला भट्टीवर धाडायला निघाले, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्याला ते नकोच होतं. त्या तिथून हलल्या नाहीत. साहेबांनी लीगला दुरुस्तीची तार लिहिली, बाईंनी ती वाचली. मग बाईंनी एनॉकचा करार मागितला, आणि प्रिचेट खिडकीबाहेर बघत बसलेला असताना साहेबांनी त्यावर सही केली.

"पुढच्या हंगामात आम्हाला तुमची गरज लागणार नाही," सही टिपत साहेब म्हणाले. "वह्या क्लबच्या आहेत, ठेवून जा."

"वह्या माझ्या नवऱ्यानं आणि मी आणलेल्या आहेत." बाईंनी वही पिशवीत घातली आणि वर मोजा पसरला. "तुमचे ते कागद. त्यांचं काय करायचं ते तुम्हाला येतंच."

एनॉक हौदापाशी तसाच उभा होता. बाईंनी कराराचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातला. दोघं घराच्या दिशेनं चालू लागली. लोहाराचं दुकान मागे पडल्यावर एनॉकनं बाईंकडे पाहिलं.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"सहा सालची स्टुअर्ट्स बेंडविरुद्धची ती चूक. ऊन डोळ्यावर होतं माझ्या. खरंच माझी होती का ती?"

बाईंनी थोडा वेळ आठवून पाहिलं. त्याला बरं वाटेल असं बोलायला ही वेळ चांगली होती.

"तुमचीच होती," त्या म्हणाल्या. "ऊन तुमच्या पाठीमागे होतं."

एनॉक चालायचा थांबला. मग त्यानं मान डोलावली.

"मग माझे दहाही खरे," तो म्हणाला, आणि त्यानं बाईंच्या हातातली पिशवी आपल्या चांगल्या हातात घेतली.